पूजेतला इंची पाना

दसऱ्याच्या सकाळी, चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या शुभांगी खर्डेच्या दारात रश्मी आली ती रडवेल्या चेहऱ्यानं.

"ताई, पुष्पावतीबाई माझ्या नवऱ्यावर चोरीचा आळ घेऊन पोलिसात चालल्यात. सम्राट नागपूरहून उद्या येईल. तोवर त्याची नोकरी जाईल अन् नावही."

सम्राट पुष्पावतीबाईंच्या भिंगारच्या गॅरेजात मिस्त्री होता. जुन्या मोटारी घ्यायच्या, नीट करून परवडेल अशा भावात विकायच्या, असा बाईंचा धंदा. आज मुहूर्तावर शमुवेल सरांना जुनी विलायती मॉरिस द्यायची होती. सकाळी बोनेट उघडलं, तर कार्बोरेटर गायब!

"सम्राटनं परवा गाडीला हात लावला आणि काल पहाटेच दीक्षाभूमीला निघाला. आणखी काय पाहिजे?" शुभांगीबरोबर निघालेले कारभारीमामा वाटेत म्हणाले. मामा पोलिसातून निवृत्त झाले होते. त्यांचा संशय अजून नोकरीतच होता.

गॅरेजात पाटावर झेंडूच्या फुलांत हत्यारं मांडलेली होती.

"काल दुपारी खंडेनवमीची पूजा मी केली," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "येकयेक हत्याराला हळद-कुंकू लावलं अन् कुलूप घातलं. पूजा उठल्याबिगर आमच्यात कुनी हात लावत न्हाई. सम्राट काय पूजा मानत न्हाई."

"किल्ल्या?" शुभांगीनं विचारलं.

"माज्याकडं, भाऊजींकडं अन् त्याच्याकडं."

भाऊजी म्हणजे धाकटा दीर कानिफनाथ. त्यानं खिशातून डबी काढून आपल्या कपाळाला केशरी अष्टगंध लावलं, मामांनाही लावलं.

"वहिनीनं सम्राटला लई डोक्यावर बसवला," तो म्हणाला.

खुर्चीतले शमुवेल सर उसासले. "शिर्डीच्या एका हॉटेलवाल्याला हीच गाडी दारात शोभेला हवीय. दुप्पट द्यायला तयार आहे. पण बाईंनी शब्द मला दिलाय."

शुभांगी बोनेटमध्ये वाकली. कार्बोरेटरचे सुटे नट तिथंच पडले होते. तिनं एक रुमालानं पुसला. रुमाल लाल झाला. मग ती पाटाशी बसली. सगळ्या हत्यारांवर हळद-कुंकू होतं. एका इंची पान्यावर मात्र नुसता केशरी ठिपका.

"इंची मापाचे पाने गॅरेजात एवढेच?"

"व्हय. विलायती गाडीला दुसरे बसत न्हाईत."

शुभांगी उठली. "मामा, नटांना कुंकू लागलंय. म्हणजे ते पूजेनंतर सुटले, पूजेतल्याच पान्यानं. तेव्हा सम्राट नागपूरच्या वाटेवर होता."

"मग बाईंनीच?" मामांनी लगेच नवा संशयित धरला.

"बाईंनी पुन्हा हळद-कुंकूच लावलं असतं. चोरानं तेलकट पाना पुसला, तेव्हा कुंकूही गेलं. पूजेतलं हत्यार ओकं ठेवायचा त्याला धीर होईना. खिशात होतं ते लावलं. पूजा मानणाराच सापडला, बाई, आणि मानतो म्हणूनच सापडला."

मामांचा हात आपल्या कपाळाकडे गेला.

कानिफनाथनं स्कूटरची डिकी उघडली. फडक्यात कार्बोरेटर होता. "मुहूर्त हुकला की सर गाडी सोडतील, असं वाटलं. मंग शिरडीला दिली असती. आळ आपोआप सम्राटवर गेला, मी गप ऱ्हायलो."

पुष्पावतीबाईंनी रश्मीचे हात धरले. "पोरी, लई चुकलं माजं." मग घाईनं वळून म्हणाल्या, "सर, दुसरा मिस्त्री बोलावते. मुहूर्त अजून हाय."

"मुहूर्त तुमचा, बाई. मी चर्चला जाणारा माणूस, मला कसला मुहूर्त?" शमुवेल सर शांतपणे म्हणाले. "सम्राट उद्या येईल. कार्बोरेटर त्यानंच बसवायचा, आणि किल्लीही मी त्याच्याच हातून घेईन."