नटावरचं कुंकू

खंडेनवमीला आमच्या आबांच्या गॅरेजात, साताऱ्याला, कुणी पान्याला हात लावत नाही. सगळी हत्यारं पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिलेला असतो. आणि नेमका त्याच दिवशी उदयसिंह टॅक्सी घेऊन दारात हजर!

हा महाबळेश्वरचा टॅक्सीवाला. श्रावणात पंक्चर काढायला आला, चिंब भिजलेला... माझ्याकडे बघता बघता स्टेपनी स्वतःच्याच पायावर सोडली. तेव्हापासून त्याच्या गाडीचं सारखं काहीतरी दुखायचं. आणि खरं सांगू? तो आला नाही की मला करमायचं नाही.

"गाडी लय थरथरतीया, शिवांजली. बघा की जरा."

"आज पाना उचलायचा न्हाई. नुसतं बघते. उद्या बी घाटात जाणार हाय का?"

"व्हय. आईला देवीला न्यायचीया."

मी बॉनेट उघडलं. "आत बसा. ब्रेक दाबून धरा, पहिला गिअर टाका, क्लच हळूच सोडा."

त्यानं सोडला, आणि इंजिन एका अंगानं चांगलं उसळलं! मी दचकून मागे सरले.

"बंद करा! फाउंडेशन गेलंय."

फाउंडेशन म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी ठोकळे. बॅटरीखालच्या ठोकळ्यावर मी टॉर्च मारला. रबर तर धड होतं. नटाला बोट लावलं... तो बोटानंच फिरला! हात बाहेर काढला तर बोटाच्या टोकाला लाल. कुंकू!

आमचे पाने तर पाटावरच होते. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"तुमच्या घरच्या पूजेतला पाना उचलला तुमी? मुद्दाम नट ढिला केला?"

"हितं कोपऱ्यावर येऊन केला... आज यायला कायच कारण सापडंना."

हा माणूस मला मनापासून आवडत होता, आणि यानं हे करावं?

"कारण कशाला लागतंय? तोंड न्हाई का तुमाला?"

"बोललो आन तुमी न्हाई म्हणला, तर परत यायचं कसं?"

मी रागारागानं गाडीखाली शिरले. मागचा ठोकळा राहिला होता. त्यावर उजेड टाकला. रबर आरपार फाटलेलं. चिरेत अख्खं बोट गेलं.

"ह्ये बी तुमीच?"

"न्हाई! आईशप्पथ न्हाई!" तो वाकला, बघितलं, आणि मटकन खालीच बसला. तोंड पांढरंफटक. "उद्या घाटात... आई असती गाडीत..."

यानं तो नट ढिला केला नसता, तर हे फाटलेलं रबर कुणाला दिसलंही नसतं; माझा राग तिथंच उतरला. मग मीच हात पुसत म्हटलं, "गाडी हितंच राहू दे. उद्या पूजा उचलली की बदलते. तुमी एस्टीनं जावा. आन उद्या सोनं घेऊन या... आईंना बी आणा."

"आईला? आन कशाला?"

"आमच्या आबांशी बोलायला कुणीतरी मोठं माणूस नको?"

तो आ वासून बघतच राहिला. आज दिवसभरात धक्के मीच खात होते, हा एक मी दिला.

"आन पाना," मी म्हटलं, "तेवढा घरीच ठेवा."