बुजवलेल्या दारांची पेठ

भैरवदुर्गाच्या माचीवर पहाट फुटली, तेव्हा गडाखालची पेठ आपल्या हळदीच्या वखारींसह आणि अर्धवट तटासह धुक्यात गपगार पडली होती. मुलखात गनिमाच्या टोळ्या फिरत होत्या, म्हणून गडाचे हवालदार हैबतराव दळवी यांनी फर्मावले होते की, तट पेठेच्या रक्षणाचा, तेव्हा खर्चही पेठेनेच सोसावा. ज्या घराला जितकी दारे, तितकी पट्टी.

झाले! देवळाच्या कळसावरून वर्षानुवर्षे भांडणारी पेठ पट्टी चुकवायला एका रात्रीत एक झाली. घरोघर मागची दारे दगडमातीने बुजली. पेठेचे प्रमुख, शेटे निंबाजी, ज्यांनी चार लोकांना शहाणपण सांगायचे, त्यांनीच पहिला दगड रचला.

"अहो, घराला मागलं दार असावं," त्यांची पत्नी सगुणाबाई म्हणाली.

"तट पुरा झाला की फोडू."

दारे घटली तशी पट्टी घटली, आणि उत्तरेचा तट कमरेइतकाच राहिला. चैत्रातल्या भर दुपारी गनीम तिथूनच आत उतरला आणि त्याने रस्त्याकडच्या ओसऱ्या पेटवून दिल्या. माणसे घरात, पुढे आग, मागे भिंत.

वेशीवरच्या पहाऱ्यात असलेले निंबाजी पहार घेऊन मागल्या बोळात धावले. आपल्या घरापाशी येताच त्यांनी पहार उगारली, तोच भिंतीआडून सगुणाबाईचा आवाज आला.

"आधी शेजारी फोडा! तिथं लेकरं आहेत."

"आणि तू?"

"शेटे आहात ना? जा!"

त्यांनी शेजारची भिंत फोडली. मुले बाहेर आली, त्यांची आई आली. निंबाजी मागे वळले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या घराचे आढे जळून खाली आले होते.

गडावरची शिबंदी उतरली, गनीम पळाला. निंबाजींना रडू आले नाही. काहीच आले नाही.

सगुणाबाईचे दिवस-कार्य उरकल्यावर हवालदारांनी त्यांना सदरेवर बोलावले. "शेटे, आपली पट्टी आम्ही माफ केली."

"माफी नको, सरकार. दार मी बुजवलं होतं."

त्यांनी दोन दारांची पट्टी मोजून ठेवली, मुजरा केला आणि गड उतरून दुकान उघडले. पहिल्या गिऱ्हाइकाने चाचरत विचारले, "शेटे, आज दुकान चालू?"

"किती देऊ?" निंबाजींनी विचारले आणि हळद तोलायला घेतली.