होकायंत्राची पेटी

"संध्याकाळी पोलीस येणार आहेत. त्याआधी काहीतरी करा. माझा भाऊ चोर नाही हो!" ती वहिनींच्या दारातूनच म्हणाली.

बंदरात जपून ठेवलेल्या जुन्या लाकडी जहाजाची शिडं ती शिवत असे. तिचा धाकटा भाऊ तिथलाच सुतार. आठवड्यापूर्वी जहाजाचं मूळ होकायंत्र पेटीसकट नाहीसं झालं होतं. ते डेकखालच्या मागच्या खोलीत असे आणि त्या खोलीची किल्ली त्या दिवशी सुताराकडे होती.

वहिनींनी लगेच चपला पायात सरकवल्या. चोर हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचे दीर मात्र चहात बुडाले होते.

"भाऊजी, कप ठेवा. निघा!"

ऊन रणरणत असूनही जहाजाचं डेक ओलंचिंब होतं. भाऊजींचे बूट पचपचू लागले. मागच्या टोकाला थोडी कोरडी जागा दिसताच त्यांनी बसकण मारली. टिपणं घ्यायला पेन्सिल काढली, तर ती निसटून दोन फळ्यांमधून खाली गेली.

"गेली! नवी कोरी होती हो."

व्यवस्थापक वैतागलेले होते. "होकायंत्र विकायचं ठरलं होतं. त्यातून डोलकाठी दुरुस्त झाली असती. फाटकावर प्रत्येकाची झडती होते. इथलं कपाट न् कपाट आम्ही पालथं घातलं. किल्ली सुताराकडे, मग दुसरं कोण?"

जहाजाची देखभाल एक म्हातारा करी. त्याने एकही जहाज हाकलं नव्हतं, तरी सगळे त्याला 'कप्तान' म्हणत.

"रोज सकाळी सगळ्या डेकवर खारं पाणी मारतो," तो म्हणाला. "लाकूड सुकलं की आकसतं, फटी पडतात. उभ्या जन्मात चुकलो नाही."

"आणि सुतार?"

"पोरगं सोन्यासारखं आहे. मीच शिकवलंय." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं.

सुतार कठड्याजवळच्या फटीत काथ्या ठोकून वर डांबर ओतत होता.

"अजून फटी आहेत?" वहिनींनी विचारलं.

"ही शेवटची. कालच सगळं डेक तपासलंय."

"किल्ली कुणाला दिली होतीस?"

"कुणालाच नाही."

"अरे, म्हणजे आळ तुझ्यावरच येतो!"

तो पुन्हा काथ्या ठोकू लागला. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनींनी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. पोलीस कुठल्याही क्षणी येणार होते.

"पेटी जहाजाबाहेर गेलेलीच नाही. भाऊजी, तुम्ही कुठे बसला होता?"

"कोरडं होतं तिथे."

"रोज भिजणाऱ्या डेकवर कोरडं कसं? जुन्या डेकमधून थोडं पाणी झिरपतंच. होकायंत्राची तबकडी कागदाची, भिजली की संपलं. म्हणून कुणीतरी तेवढ्या जागी पाणी मारणं सोडलं आणि फळ्या आकसल्या. ती जागा बरोबर या खोलीच्या वर आहे. पाणी मारतं कोण?"

व्यवस्थापकांनी स्टुलावर चढून छताची फळी सरकवली. आत पेटी होती, आणि पेटीवर भाऊजींची पेन्सिल.

कप्तान मटकन खाली बसला. "झाडून घेतो म्हणून पोराकडे किल्ली मागितली. होकायंत्र विकू देणार नव्हतो मी. हे गेलं तर जहाजात उरलं काय?"

वहिनी सुताराकडे वळल्या. "पेन्सिल आरपार जाते एवढी फट सुताराला दिसत नाही, हे मला पटत नाही. तुला माहीत होतं."

"माहीत होतं?" बहीण किंचाळली. "आणि तू तुरुंगात जायला निघालास?"

"मला वाटलं, पोलीस यायच्या आत हे स्वतःच बोलतील," सुतार हळूच म्हणाला.

"उद्या सांगतो, उद्या सांगतो, असं करत राहिलो रे," म्हातारा पुटपुटला. त्याला मान वर करवेना. वहिनींनाही आता जिंकल्याचा आनंद वाटेना.

वर डेकवर बुटांचे आवाज आले. सुताराने त्याला उठवायला हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो घेतला नाही. भिंतीचा आधार घेत तो एकटाच जिना चढला आणि वर पोहोचण्याआधीच मोठ्याने म्हणाला, "साहेब, त्या पोराला नाही, मला न्यायचंय."