लाल बसची शिकवणी

ज्या दिवशी यंत्र माणसाकडून बस चालवायला शिकू लागलं, त्या दिवशी मानवजातीचं नवं युग उजाडलं. ब्राझीलमधल्या थंडगार कुरितिबा शहरात ते मंगळवारी उजाडलं आणि बसमार्गावर कुत्रा झोपला होता म्हणून लगेच थांबलं.

कुत्र्याला उठवायला बेकरीसमोरच्या फुटपाथवरून उतरून आला जेनिवाल, त्या यंत्राचा इंजिनियर, उष्ण रेसिफे शहरातला, म्हणून मफलरमध्ये कानापर्यंत गुंडाळलेला. आधी त्याने कुत्र्याला नमस्कार केला, मग वर बघून ड्रायव्हर लुद्मिलाला. कुत्र्याने शेपूट हलवली. लुद्मिलाने मानही हलवली नाही. कुरितिबात अनोळखी माणसाने नमस्कार करणं म्हणजे आगाऊपणाच.

महिनाभर लुद्मिला चालवत होती, यंत्र तिची चाल उचलत होतं. रोज भुरभुर पाऊस, रोज बेकरीसमोर नमस्काराला वर झालेला जेनिवालचा हात… आणि तिची नजर सरळ रस्त्यावर.

मग परीक्षा. बस नापास झाली तर काम बंद, जेनिवाल परत रेसिफेला. लुद्मिलाचे हात मांडीवर, शेजारी जेनिवाल, मागे तपासनीस झोराइदेबाई. बस आपली आपण झोकात निघाली — आणि बेकरीसमोर रेंगाळत थांबलीच. फुटपाथ रिकामा.

"इथं काय आहे?" झोराइदेबाईंनी विचारलं.

"काहीच नाही," जेनिवाल पुटपुटला.

"काही नसताना थांबणारी बस मी नापास करते."

लुद्मिलाचे कान लाल झाले. "बसचा दोष नाही, बाई. इथं… हे उभे असायचे. नमस्कार करायचे."

"बरं, मग?"

"मग मी ब्रेकवर जरा पाय ठेवायचे. उत्तर म्हणून."

"तोंडानं द्यायचं."

"ओळख कुठं होती?"

जेनिवालने घसा साफ केला. "खरं म्हणजे… माझं काम पुढच्या चौकात होतं. इथं मी उगाचच उभा राहायचो."

लुद्मिलाने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं, सावकाश, आरशात मागची गाडी बघावी तसं.

"मग आता फुटपाथवर कुडकुडू नका. रविवारी घरी या. आईच्या हातचे पिएरोगी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, खाऊन बघा. मात्र तिला नमस्कार केलात तर ती उत्तर देणार नाही."

"तुमच्यावर गेलीय?"

"मी तिच्यावर. आणि तुम्ही मला आवडता, हे तोंडानं सांगतेय."

"ऐकलं," जेनिवाल म्हणाला. आणि त्याने तिचा हात धरला.

"शिकवलं तेच शिकली. पास," झोराइदेबाई म्हणाल्या. "आता थांबलीच आहे, तर खाली उडी मारून चार पाव आणता का?"