उलटं फिरणारं ऋतुचक्र

"कापणीचा महिना! अरे, चक्र पुन्हा कुणीतरी फिरवलंय!" ड्वेन ओरडलाच.

"हळू! वर ग्रंथपाल हॅगनबाई आहेत," लॉरेलने त्याला चिमटा काढला.

मार्सी मात्र भिंतीवरच्या लाकडी चक्राकडे बघतच राहिली. तिच्या दादाने, टोबीने, ते रंगवलं होतं. ग्रंथालयाच्या या तळघरात त्यांचा राजे-राक्षसांचा खेळ रंगायचा आणि खेळातल्या राज्यात कुठला ऋतू चालू आहे ते हे चक्र सांगायचं. गेल्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ पायाखाली फुटला आणि टोबी गेला. चक्र गोठणीच्या महिन्यावर थांबलं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मात्र ते पानगळीवर दिसलं. आज कापणीवर!

"म्हणजे उलटं फिरतंय," लॉरेल पुटपुटली.

"भूत!" ड्वेन बोलून गेला आणि मार्सीचा चेहरा बघून त्याने जीभ चावली.

"भुताला बूट कशाला लागतील?" मार्सीने फरशीकडे बोट दाखवलं. ओले ठसे!

"पोरांनो, तळघर बंद आहे म्हणून सांगितलं ना!" हॅगनबाई जिन्यातून खेकसल्या. "तिथे चिटपाखरूही येत नाही!"

"चाललो पोहायला!" म्हणत तिघं दणदण पाय आपटत बाहेर पडली आणि मागच्या, कोळसा आत टाकायच्या झडपेतून पुन्हा आत घसरून लपून बसली. बाईंना पत्ताच नाही!

कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला. मागचं दार उघडलं. चीजच्या कारखान्यातले पांढरे रबरी बूट दिसले. आंबट दुधाचा वास आला. हा वास रोज संध्याकाळी तिच्याच घरी यायचा.

"बाबा?"

बाबा दचकले. हात चक्रावरच राहिला. टोबी गेल्यापासून त्यांनी घरात त्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

"बाबा, ते उलटं फिरवायचं नसतं हो."

"माहितेय गं." त्यांचा आवाज फाटला. "मला हिवाळ्याच्या मागे जायचं होतं. तेव्हा तो होता ना..."

मार्सी त्यांना बिलगली. दोघंही ढसाढसा रडली. मग तिने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी चक्र पुढे ढकललं. गोठणी ओलांडताना बाबांनी डोळे मिटले. पेरणीवर येऊन ते थांबले.

"हुशार आहात रे!" बाबांनी नाक पुसलं. "बाईंना चुकवलंत, मला पकडलंत. आता हा खेळ शिकवा मला. टोबी यात कोण असायचा?"

"आम्ही एकेक सोंग घ्यायचो," मार्सी म्हणाली. "टोबी बाकीचे सगळे असायचा. राजा, चोर, ड्रॅगन... वारासुद्धा."

"वारा झाला की अशी शीळ घालायचा," म्हणत ड्वेनने ओठांचा चंबू केला. ओठ थरथरले, शीळ काही निघेना.

मग बाबांनीच घातली. हलकी, लांबलचक.