दोरी पुरणा नाय

कुणकेश्वरच्या अलीकडच्या वाडीतला, पंप दुरुस्त करणारा सहदेव तुम्हाला ठाऊक आहे. उद्या जाऊन विचारा त्याला. बोलला तर हेच सांगेल. नाही बोलला तर जास्त खोदू नका.

दोन हजार पंचवीसचा मे, चौदा तारीख, बुधवार. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले, म्हणजे रात्री आठला चंद्र उगवायला अजून पाऊण तास होता. विनीतचा फोन आला, की बोअर पाण्याबरोबर वाळू ओढतेय, एकदा बघून जा. सहदेव जेवण आटोपून निघाला.

विनीतनं खाडीकाठच्या पाणथळीत लाल मातीचा भराव घालून त्यावर घर बांधलं होतं. पुढच्या खोल्या पर्यटकांना, मागे स्वतःचा संसार. पूर्वी तिथं पावसाचं पाणी महिनोन्‌महिने साचून खाली मुरायचं. ते थांबलं आणि वर तीन बोअर रात्रंदिवस चालू. शेजारच्या विहिरी मचूळ झाल्या, भिंतींना तडे गेले. आनंदीकाकीची विहीर तर भरावाखालीच गेली. सगळी वाडी तिचं पाणी प्यायची. काकी त्याच वर्षी वारली.

सहदेवनं बॅटरी मारली. बोअरचा पाइप त्यानंच बसवला, तेव्हा तो जमिनीवर वीतभर होता. आता त्याच्या गुडघ्याला लागत होता. विनीत म्हणाला, पाइप वर सरकला वाटतं.

“पाइप वर नाय इलो,” सहदेव म्हणाला. “जमीन खाली गेली.”

त्यानं पंप बंद केला. विनीत पाना आणायला शेडकडे गेला.

एकदम शांत झालं. मग पाइपातून आवाज आला.

रहाटाचा.

सहदेवनं कान लावला. खाली दोरी सुटत होती. सुटतच होती... कळशी पाण्याला लागल्याचा आवाज काही येईना.

“दोरी पुरणा नाय रे, सहदेवा...”

काकी. दमलेली.

तो हलला नाही. माती हलली. जराशी. मग पुन्हा.

तो घराकडे धावला. विनीतला म्हणाला, “सगळ्यांका भायर काढ. आत्ताच.” त्या दिवशी पर्यटक नव्हते. विनीतनं बायकोला, नम्रताला, हाताला धरून रस्त्यावर आणलं. त्यांची पाच वर्षांची जान्हवी मागच्या खोलीत झोपली होती. ती झोपेत चालायची, म्हणून नम्रता बाहेरून कडी लावायची.

सहदेवनं कडी काढली. खिडकीला गज. बिछाना... रिकामा.

लादी खचू लागली. तो मागे उडी मारून सुटला. खोली खाली गेली. पाइपही गेला.

नम्रता रस्त्यावर नुसती बसली.

चंद्र वर आला, तेव्हा पलीकडच्या फणसाखाली जान्हवी उभी दिसली. अनवाणी. डोळे उघडे.

“तुका भायर कोणी हाडल्यान गो?” नम्रतानं विचारलं.

 बाहेर कुणी आणलं, ते पोर अजूनही सांगत नाही.

सकाळी माणसं दोर बांधून त्या खड्ड्यात उतरली. तळापर्यंत कोरडी वाळू. ओल कुठेच नाही.

आणि जान्हवीच्या उजव्या मनगटावर रात्रीपासून काळ्या चिखलाची पाच बोटं उमटलेली. दुपारपर्यंत ती वाळली नव्हती.