बुरुलचाच्या फाटकावरचं हाड

"माझ्या फाटकावर कुणीतरी मटण टांगलंय आणि त्यापायी माझी खुर्ची चाललीय!" बुरुलचानं हातातली पिशवी टेबलावर आपटली.

उपोल एजे जागची हलली नाही. पंचवीस वर्षं पोलिसात काढून आता ती खाजगी तपास करायची. गावात तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, सोडून दुसरं काही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. तिचा दीर कुबात, एकेकाळचा पैलवान, लगेच पिशवीकडे झुकला. वास चांगला येत होता.

"हात लावलास तर बोटं मोडीन," एजे म्हणाली. "बुरुलचा, पहिल्यापासून सांग."

बेश-तेरेक गावच्या परिषदेत अकरा सभासद. गेल्या साली बुरुलचानंच भांडभांड भांडून नियम पास करून घेतला होता. ज्याचं काम परिषदेपुढे आहे, त्याच्या घरी जेवलात की सभासदकी रद्द. समज नाही, माफी नाही. रद्द. नात्यातल्यांना तेवढी सूट, पण त्यांनी त्या कामात मत द्यायचं नाही.

आता मेदेरबेक कंत्राटदाराला डोंगरावरचं उन्हाळी कुरण हवं होतं. त्याचा जावई सभासद, तो बाजूला बसणार. उरले दहा. पाच इकडे, पाच तिकडे. मतदान उद्या. बुरुलचा गेली की कुरण गेलं, मग गावची मेंढरं उन्हाळ्यात काय धोंडे चघळणार?

"शुक्रवारी त्यानं मेंढरू कापलं," बुरुलचा सांगत होती. "परिषदेतलं कुणीतरी मानाच्या जागी बसून जेवलं, अशी कुजबुज झाली. आज सकाळी ही पिशवी माझ्या दारात. शेजारणीनं बोंब ठोकली. दुपारी दोनला चौकशी."

"गेली होतीस?"

"नियम मी लिहिला, एजे! मी काय वेडी आहे?"

पिशवीत मेदेरबेकच्या घरचा भरतकामाचा रुमाल होता. त्यात बांधलेला उरलेला वाटा, मेजवानीत संपला नाही की पाहुणा घरी नेतो तसा. खुब्याचं मोठं हाड, अर्धं मटण खाल्लेलं. एजेनं ते उजेडात फिरवलं.

"दाताची एक खूण नाही. सगळं सुरीनं कापलंय. कागदासारखं पातळ."

"मी असतो तर हाडही उरलं नसतं," कुबात म्हणाला.

एजे आणि कुबात आधी ओमुरझाककडे गेले. चौकशी करणाऱ्या आचरण समितीचा हा प्रमुख चहा पीत बसला होता. शिंगाच्या मुठीच्या सुरीनं सफरचंदाच्या चकत्या करत होता, इतक्या बारीक की पलीकडचं दिसावं.

"पाखरांना घालताय का, बाइके?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं कुबातनं विचारलं.

"नवे दात, बाबा. चावलं की हलतात." ओमुरझाकनं उसासा टाकला. "बुरुलचाचं मला वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. परिषदेत साठीपुढचा पुरुष मी एकटाच, कटू कामं माझ्याच गळ्यात."

तिथून दोघं मेदेरबेककडे गेले. अंगणात त्याचे नव्वदीचे वडील उशा उलट्यापालट्या करत होते. "माझी सुरी कुणी ढापली रे? चोर आहेत सगळे!"

"बुरुलचा आली होती," मेदेरबेक बेधडक म्हणाला. "मानाच्या जागी बसवली. पोटभर जेवली."

"पाहुण्यांत बाया किती?"

"ती एकटीच."

"मेंढरं किती कापलीस?"

"एक."

"वाटे नीट लावलेस? की गडबडीत कुणाचं कुणाला गेलं?"

मेदेरबेक लालबुंद झाला. "माझ्या घरात? सात पिढ्यांत चुकीचं हाड कुणापुढे गेलं नाही! ज्याचा मान त्याला!"

"लिहून देशील?"

"आण कागद!" आणि त्यानं खरंच सही ठोकली.

जावई झुमाश गोठ्यात सापडला. "जेवलो ना. जावयाला मिळतो तो सीन्याचा तुकडा खाल्ला. मत देणार नाही हे आधीच लिहून दिलंय."

"मानाच्या जागी कोण होतं?"

"मी मागच्या खोलीत होतो, एजे. सासुरवाडीत डोकावून बघितलं तर बायको जिवंत ठेवेल का?"

बाहेर आल्यावर कुबात वैतागला. "काहीच हाती लागलं नाही."

"सगळं लागलं. दुपारी म्हाताऱ्याला घेऊन ये. सांग, सुरी मिळेल."

दोन वाजता परिषदेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारासमोर, वरच्या अंगाला मानाच्या जागी ओमुरझाक. बुरुलचा खाली, दाराशी. आरोप असेल त्यानं दाराशी बसायचं, हेही नियमात होतं.

एजेनं हाड मधोमध ठेवलं. "कुबात, हा वाटा कुणापुढे ठेवतात?"

"खुब्याचा? म्हाताऱ्या मानाच्या पुरुषापुढे. हे काय विचारणं झालं?"

"आणि मानाच्या बाईपुढे?"

"शेपटीकडचं हाड. लहान पोरालाही ठाऊक..." कुबात थांबला. डोकं खाजवलं. "आयला!"

खोलीत खसखस पिकली. एजेनं मेदेरबेकचा कागद वर धरला. "एकही हाड चुकलं नाही, अशी याची सही आहे. म्हणजे हा वाटा बुरुलचाचा नाही. का रे, मेदेरबेक? वाटे चुकले होते म्हणतोस? म्हण. सगळा गाव ऐकतोय."

मेदेरबेक आपल्याच सहीकडे बघून मागं सरकला.

"मेंढराला खुबे दोन. एक याच्या वडिलांचा. दुसरा कुणाचा? जावयाला सीना मिळाला. परिषदेत साठीपुढचा पुरुष एकच."

"गावात म्हातारे काय कमी आहेत?" ओमुरझाक कडाडला.

"आहेत ना. पण मटण इतकं पातळ कापून खाणारे थोडे." एजेनं खिशातून सफरचंद काढलं. "बाइके, आधी एक चकती कापून द्या."

सवयीनं हात बुटात गेला. सुरी बाहेर आली.

"ए! ही माझी!" मेदेरबेकचे वडील काठी आपटत पुढे आले. "शुक्रवारी माझ्या मांडीला मांडी लावून बसलास, दात हलतात म्हणून मागून घेतलीस. दे इकडे!"

सुरी हातात तशीच राहिली.

"तुमचं नाव फुटायच्या आत कुजबुजीला दुसरं नाव हवं होतं," एजे म्हणाली. "उरलेला वाटा घरात होताच, तो बुरुलचाच्या फाटकावर टांगलात. पण जन्मभर वरच्या जागी बसलात, हे हाड आपोआप पुढ्यात येत गेलं. खाली बसलेल्या बायांना काय वाढतात, कधी वळून बघितलंत?"

ओमुरझाकनं समितीच्या बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघंही नियमाच्या वहीत बघत होते.

सुरी म्हाताऱ्याच्या हातात देऊन तो उठला. लोकांच्या पायांतून वाट काढत दाराशी आला. तिथं जागा नव्हती.

बुरुलचा थोडी सरकली.

तो बसल्यावर तिनं वही मागवली. "आता वाचा," ती म्हणाली. "पहिल्या ओळीपासून."